हद्द राखण्याचं काम

११ जून २०२४

परवा मोसमी पाऊस मुंबईत पोचला. कॉलेज सुरू व्हायला अजून अवकाश आहे, म्हणून अकरावीच्या पेशीपटलाच्या धड्याची टिपणं काढायला बसले आहे. पुस्तकातली आकृती मुलांना पाठ असते: दोन ओळींत मांडलेले गोल, प्रत्येकाला दोन शेपट्या, मधूनमधून प्रथिनांचे ठोकळे. मुलं ती नेटकी काढतात, नावं देतात, गुण मिळवतात. पण त्या आकृतीत काहीच हलत नाही, आणि खऱ्या पटलावर क्षणभरही काम थांबत नाही. हे काम मुलांना दिसलं पाहिजे. यंदा हा धडा पनवेलजवळच्या आमच्या नावड्यात जे उगवतं, विकलं जातं आणि वाहतं त्यावरूनच शिकवायचा, असं ठरवलं आहे. सुचेल तसं इथं लिहीत जाईन.

सुरुवात बिटानं. फोडी गार पाण्यात दोन-तीनदा धुतल्या. कापताना फुटलेल्या पेशींतला रंग निघून गेला की पाणी नितळ राहतं, तासाभरानंतरही फारसं रंगत नाही. त्याच फोडी कढत पाण्यात टाकल्या की काही मिनिटांत पाणी लालभडक. रंग आधीही पाण्यात विरघळलेलाच होता आणि बाहेरही पाणीच होतं. मध्ये होती ती फक्त पटलं. उष्णतेनं त्यांतली प्रथिनं विसकटली, मेदाची मांडणी ढळली आणि रंग अडवणारं काही उरलं नाही.

हा मेदाचा दुहेरी थर जेमतेम पाच नॅनोमीटर जाडीचा. असे दोन लाख थर एकावर एक रचले तर एक मिलिमीटर भरेल. थर दुहेरी आहे हे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक येण्याआधीच कळलं होतं. १९२५ साली नेदरलँड्समधल्या लायडनमध्ये एव्हर्ट गॉर्टर हे बालरोगतज्ज्ञ आणि त्यांचे सहकारी ग्रेंडेल यांनी रक्तातल्या तांबड्या पेशी घेतल्या. सस्तन प्राण्यांच्या पक्व तांबड्या पेशीत केंद्रक नसतं, आतली दुसरी पटलंही नसतात, तेव्हा जो मेद निघेल तो बाहेरच्या पटलाचाच. तो मेद त्यांनी पाण्यावर एकपदरी पसरला. त्यानं व्यापलेली जागा पेशींच्या पृष्ठभागाच्या जवळपास दुप्पट भरली. म्हणजे पेशीभोवती मेदाचे दोन पदर. पुढे लक्षात आलं की त्यांच्या मापात दोन उणिवा होत्या. ॲसिटोननं सगळा मेद निघाला नव्हता आणि पेशीचं क्षेत्रफळही कमी धरलं गेलं होतं. दोन्ही उणिवा एकमेकींत फिटल्या आणि उत्तर शंभर वर्षं टिकलं.

१६ जून

सकाळी फाट्यावर बाया पहिल्या पावसाचे मुठे घेऊन बसल्या होत्या. शेजारी एका पाटीत खाडीच्या चिंबोऱ्या, नांग्या बांधलेल्या. एक गोड्या पाण्याचा खेकडा, एक खाऱ्या. दोघांच्या रक्तातलं मीठ बाहेरच्या पाण्याइतकं नसतं आणि ते तसं राखण्यासाठी दोघांच्याही कल्ल्यांतल्या पेशी रात्रंदिवस राबतात.

हे काम करणारं प्रथिन मुळात खेकड्याच्या पायातच सापडलं. डेन्मार्कच्या आर्हुस विद्यापीठात येन्स स्काऊ हे डॉक्टर बधिर करणाऱ्या औषधांचा अभ्यास करत होते. किनाऱ्यावरच्या खेकड्यांच्या पायांतले मज्जातंतू वाटून त्यांनी त्यातली पटलं वेगळी केली. त्यांत एटीपी फोडणारं एक विकर होतं आणि सोडियम व पोटॅशियम दोन्ही असतील तेव्हाच ते जोरात चाले. निबंध १९५७ साली आला. रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं १९९७ साली, चाळीस वर्षांनी.

तो सोडियम-पोटॅशियम पंप एटीपीचा एक रेणू खर्चून तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. आपल्या पेशींबाहेर सोडियम आतल्यापेक्षा दहापटीहून जास्त असतं, आत पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा सुमारे तीसपट. हा फरक आपोआप राहत नाही. दोन्ही आयन उताराकडे झिरपत असतात आणि पंप त्यांना पुन्हा चढावर नेत असतो. काही न करता पडून असलेल्या माणसाच्या ऊर्जेचा सुमारे पाचवा हिस्सा एवढ्याच कामावर जातो. आपण जेवतो त्यातला हा वाटा कुठल्याही हालचालीसाठी नाही, केवळ आत आणि बाहेर वेगळं राहावं यासाठी आहे. मुलांना सांगायची मुख्य गोष्ट हीच.

महामार्गांच्या दुभाजकांवर लावलेल्या कण्हेरीचं विषही याच पंपावर बसतं. पंप अडतो, सोडियम आत साचतं, त्यापाठोपाठ हृदयाच्या स्नायूंत कॅल्शियम वाढतं आणि ठोके बिघडतात. डिजॉक्सिन हे हृदयविकारावरचं औषधही हाच पंप अडवतं, फक्त मोजून-मापून. कण्हेरीचं पानसुद्धा तोंडात घालायचं नाही, हे मुलांना याच तासाला बजावायचं.

२४ जून

रात्रभर विजा. झोप नव्हती म्हणून हिशेब केला. विसावलेल्या मज्जापेशीच्या पटलाच्या दोन बाजूंत सुमारे ७० मिलिव्होल्टचा फरक असतो. आकडा किरकोळ वाटतो, पण तो पाच नॅनोमीटरांत सामावलेला आहे. मीटरमागे मांडला तर एक कोटी चाळीस लाख व्होल्ट. कोरड्या हवेत ठिणगी पडायला मीटरमागे साधारण तीस लाख पुरतात. त्याच्या चौपटीहून जास्त ताण सोसत हा मेदाचा थर अभंग राहतो, आणि ठरावीक प्रथिनांतून सोडियम क्षणभर आत आलं की मज्जातंतूतून संदेश धावतो. हे लिहिताना बोटं हलतात ती त्याच संदेशांवर.

३ जुलै

पावसाबरोबर पोटाचे विकारही सुरू झाले. खालच्या मजल्यावरच्या छोट्याला कालपासून जुलाब. त्याची आई विचारायला आली, “ताई, पाणी देतेच आहे की. मग त्यात मीठ-साखर कशाला?”

तिला नीट समजावून सांगितलं. आतड्याच्या पेशींच्या पटलात एक प्रथिन असतं. ग्लुकोजचा एक रेणू सोडियमच्या दोन आयनांसोबतच ते आत घेतं. एकट्या ग्लुकोजला ते घेत नाही, एकट्या सोडियमलाही नाही. ही जोडी आत गेली की तिच्यामागे पाणी जातं. म्हणून नुसतं पाणी आतड्यातून तसंच निघून जातं आणि मीठ-साखरेचं पाणी अंगी लागतं.

कॉलऱ्यात जंतूचं विष आतड्याच्या पेशींतले क्लोराइडचे मार्ग उघडे पाडतं. क्लोराइड बाहेर धावतं, पाणी त्यामागे. असं विष असतं हे कोलकात्यात शंभूनाथ डे यांनी १९५९ साली सशांच्या आतड्यांवर प्रयोग करून दाखवलं. पण ते विष ग्लुकोज-सोडियमच्या जोडीला आत घेणाऱ्या प्रथिनाला धक्का लावत नाही. अशी जोडवाहतूक असते ही कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली प्रागच्या परिषदेत मांडली होती. १९७१ साली बांगलादेश मुक्तियुद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांची पाकिटं बांधून घेतली आणि नातेवाइकांच्याच हातून रुग्णांना पाणी पाजवलं. मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं, ते चारच्या खाली आलं. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

आजच्या ओआरएसच्या पाकिटात एक लिटरसाठी २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं, शिवाय पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट. ग्लुकोज आणि सोडियम दोन्ही लिटरला ७५ मिलिमोल, समसमान. तिला म्हटलं, पाकीट आणा. नसेलच तर उकळून गार केलेल्या लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. जास्त साखर घालू नका, उलट पाणी बाहेर ओढलं जाईल. मूल सुस्त पडलं किंवा लघवी थांबली तर थांबू नका, थेट दवाखाना.

१४ जुलै

समोरच्या घरातले आजोबा जन्मापासून नावड्याचे. तळोज्याची एमआयडीसी, सिडकोची घरं, सगळं त्यांच्या डोळ्यांदेखत उभं राहिलं. भातखाचरं गेली तरी भाताविषयीचं बोलणं गेलेलं नाही. आज त्यांच्याबरोबर त्यांच्या लेकीच्या सासरी लावणी बघायला गेले. खाडीला लागून खारजमीन, बांध घातलेला, बांधाला उघाडी. भरतीचं पाणी आत येऊ द्यायचं नाही आणि पावसाचं पाणी साचलं की ओहोटीला बाहेर सोडायचं. जूनच्या पावसानं जमिनीतलं मीठ धुतलं गेलं की मगच लावणी.

आजोबा म्हणाले, “पाऊस खंडला की मीठ वर येतं. दुसरा भात पिवळा परतो, राता हालत नाय.”

राता म्हणजे इथलं जुनं तांबड्या दाण्याचं वाण. काळा राता हे वाण तर खारं सोसणाऱ्या भातांच्या अभ्यासात जगभर ठाऊक आहे. पनवेलचं खारभूमी संशोधन केंद्र दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं. पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ ही क्षार सोसणारी वाणं तिथलीच.

आजोबांना जे दिसतं ते मुळाच्या पेशींत घडत असतं. या पेशी आतून ऋणभारित असतात, म्हणून जमिनीतलं धनभारित सोडियम आत ओढलं जातं. ते पोटॅशियमची जागा घेऊ लागलं की विकरं बंद पडतात आणि पान करपतं. झाडाजवळ यावर तीन उपाय. पहिला, पटलातला प्रोटॉन-पंप एटीपी खर्चून प्रोटॉन बाहेर ढकलतो. ते परत आत येताना दुसऱ्या एका प्रथिनामार्फत सोडियम बाहेर जातं. दुसरा, जे आत राहिलं ते रिक्तिकेत कोंडायचं. रिक्तिकेलाही स्वतःचं पटल आणि स्वतःचे पंप असतात. तिसरा, पानांकडे निघालेल्या जलवाहिनीतून सोडियम मधल्यामध्ये काढून घ्यायचं. या तिसऱ्या कामाच्या प्रथिनाचं जनुक २००५ साली भातातच ओळखलं गेलं, तेही नोना बोकरा या बंगालच्या खाऱ्या पट्ट्यातल्या जुन्या वाणात.

तिन्ही उपायांना ऊर्जा लागते. खारं सोसणारं भात गोड्या जमिनीतल्या संकरित भाताइतकं पिकत नाही, यामागे हेही एक कारण. दाण्यात भरली असती अशी साखर मुळांच्या हद्दीवर खर्ची पडते. आजोबांच्या पिढीनं हा सौदा समजून-उमजून केला होता. कमी पिकेल, पण पिकेल.

१० ऑगस्ट

कासाडी नदीच्या पुलावर थांबले. पाऊस चांगला झाला आहे, तरी कडेला फेस आहे आणि वास येतोच. तळोज्याच्या कारखान्यांमुळे नदीचं जे झालं ते राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलं. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोज्यात निळे पडलेले भटके कुत्रे दिसले, त्यांची छायाचित्रं जगभर छापून आली. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळानं संबंधित कारखान्याचं काम थांबवायला लावलं.

लोकांना निळा रंग आठवतो. तो केसांवर बसला होता आणि केस म्हणजे मृत प्रथिन. मला जास्त भीती वाटते ती न दिसणाऱ्या द्रव्यांची. १८९५च्या सुमारास झुरिकमध्ये अर्नेस्ट ओव्हर्टन यांनी वनस्पतींच्या मूलरोमांसारख्या जिवंत पेशींवर पाचशेहून अधिक द्रव्यं वापरून पाहिली. जी तेलात सहज विरघळतात ती पेशीत झटकन शिरतात, जी विरघळत नाहीत ती बाहेर अडतात. पेशीची हद्द मेदाची असणार हा तर्क तिथूनच निघाला. बेंझिन, टोल्युइन यांसारख्या द्रावकांना म्हणूनच कुठलं प्रथिन लागत नाही, कुणी त्यांची निवड करत नाही. ती पटलातूनच आरपार जातात. फेस आणणारी द्रव्यं तर याहून वाईट. त्यांचं एक टोक पाण्याचं, एक मेदाचं. ती थेट पटलाच्या मांडणीत घुसतात आणि ती विस्कटून टाकतात. करोनाच्या वेळी साबणानं विषाणूचं मेदाचं वेष्टन याच गुणानं फोडलं. माशाच्या कल्ल्यावरही साबण तेच करतो.

आजोबा जिताड्याची आठवण काढतात. जिताडा समुद्रात अंडी घालतो, त्याची पिल्लं खाडीतून वर गोड्या पाण्यात येतात. खाऱ्या पाण्यात असताना त्याच्या कल्ल्यांतल्या पेशी मीठ बाहेर टाकतात, गोड्या पाण्यात आल्यावर आत घेऊ लागतात. दोन्ही वेळी मागची ताकद त्याच पंपाची, स्काऊंना खेकड्यात सापडलेल्या. दोन पाण्यांत राहण्याएवढी ही यंत्रणा सक्षम आहे. पण कल्ल्यात पाणी आणि रक्त यांच्यामध्ये फार पातळ अस्तर असतं. जाडजूड कातडी तिथे चालत नाही, कारण ऑक्सिजन तिथूनच आत यायचा असतो. सांडपाणी पहिल्यांदा येतं ते तिथेच.

१ सप्टेंबर

खाडीकाठी तिवरांजवळ गेले. पानं खालून पांढुरकी, वरून चाटली तर खारट. ऊन पडलं की पानांवर मिठाचे कण चमकतात. तिवर मुळांशीच बहुतेक मीठ गाळून बाहेर ठेवतं, सुमारे नव्वद टक्के किंवा त्याहून जास्त, आणि उरलेलं पानांवरच्या ग्रंथींतून बाहेर टाकतं. मुळांत मेणचट पदार्थाचे पट्टे असतात. त्यामुळे पेशींच्या मधल्या फटींतून पाण्याला आत जाता येत नाही, पटल ओलांडावंच लागतं. आणि तिथे निवड होते.

पण पाणी पटल ओलांडतं कसं? मेदातून ते फार हळू झिरपतं. बाल्टिमोरमध्ये पीटर ॲग्रे तांबड्या पेशींतल्या एका भलत्याच प्रथिनाचा शोध घेत होते, तेव्हा हे दुसरं प्रथिन पुन्हापुन्हा हाती येऊ लागलं. १९९२ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी त्याचा संदेशवाहक आरएनए बेडकाच्या अंड्यांत घातला आणि अंडी कमी क्षारांच्या पाण्यात सोडली. एरवी टिकणारी अंडी काही मिनिटांत पाणी पिऊन फुटली. ते प्रथिन म्हणजे ॲक्वापोरिन. त्यातून सेकंदाला अब्जावधी पाण्याचे रेणू एकामागून एक जातात आणि प्रोटॉनसारखा इवलासा कणही जात नाही. २००३चं नोबेल ॲग्रे आणि पोटॅशियमच्या मार्गाची रचना उलगडणारे रॉडरिक मॅकिनन यांना मिळून.

समुद्राच्या पाण्यातून गोडं पाणी ओढायला सुमारे पंचवीस वातावरणांहून जास्त ताण लागतो. पेर स्कोलँडर यांनी १९६०च्या दशकात खारफुटीच्या फांद्या दाबाच्या भांड्यात ठेवून मोजलं, तेव्हा तेवढा आणि त्याहून अधिक ताण खरोखर मिळाला. तो उत्पन्न करतं ऊन. पानांतून पाणी उडतं आणि खालचं ओढलं जातं. कारखान्यातलं सांडपाणी आरओच्या पडद्यातून दाबून गाळतात तेव्हा हेच काम विजेवर होतं, आणि त्या विजेचं बिल येतं.

२२ सप्टेंबर

खारघरच्या कर्करोग संस्थेवरून, म्हणजे अ‍ॅक्ट्रेकवरून येताना बसमधल्या माझ्याच जुन्या विद्यार्थिनीनं विचारलं, “मॅडम, आपल्या इथे पेशी बदलून कॅन्सर बरा करतात म्हणे, खरं का?” खरं आहे. टाटा स्मारक केंद्राच्या या संस्थेत, अस्थिमज्जा प्रत्यारोपण विभागात ४ जून २०२१ रोजी भारतातला पहिला कार-टी उपचार झाला. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारकानं मिळून तो घडवला. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला परवानगी मिळाली आणि यंदा ४ एप्रिलला राष्ट्रपतींच्या हस्ते पवईत त्याचं लोकार्पण झालं.

तिला जे सांगितलं ते इथे लिहून ठेवते. बी-पेशींच्या रक्तकर्करोगात बिघडलेल्या पेशींच्या पटलावर सीडी-१९ नावाचं प्रथिन असतं. रुग्णाच्याच रक्तातल्या टी-पेशी काढतात, निरुपद्रवी केलेल्या विषाणूमार्फत त्यांत एक जनुक घालतात, आणि त्या पेशी पटलातून आरपार जाणारं एक नवं प्रथिन घडवू लागतात. त्याचा बाहेरचा भाग सीडी-१९ ओळखतो, आतला भाग पेशीला मारा करायला सांगतो. मग त्या पेशी वाढवून रुग्णाला परत देतात. सगळा बदल पटलावरच्या ओळखीचा. सीडी-१९ निरोगी बी-पेशींवरही असतं, त्याही जातात. म्हणून संसर्गाची काळजी पुढे बराच काळ घ्यावी लागते. परदेशात याला तीन-चार कोटी रुपये लागतात, इथे सुमारे दहावा हिस्सा. तोही बहुतेक घरांना झेपणारा नाही. तरीही, बसच्या वाटेवर हे काम चालतं याचा मला मनापासून अभिमान वाटतो. त्या मुलीनंही पुढे याच विषयात शिकावं असं वाटलं आणि तसं तिला सांगितलं.

२२ डिसेंबर

सकाळी खोबरेल बाटलीत थिजलं होतं, शेजारचं शेंगदाण्याचं तेल मात्र वाहत होतं. वर्गात हेच सांगितलं. खोबरेलातल्या मेदाम्लांच्या शेपट्या बहुतेक सरळ, त्या चोवीस अंशांखाली दाटीनं बसतात. शेंगदाण्याच्या तेलात वाकलेल्या शेपट्या जास्त, त्यांना दाटी जमत नाही. पटलाचंही असंच. थंड पाण्यातले मासे पटलात वाकड्या शेपट्यांचा मेद वाढवतात, म्हणून ते थिजत नाही. आपल्या पेशींत कोलेस्टेरॉल मधे बसून फार सैलही होऊ देत नाही आणि फार घट्टही.

पटल वाहतं हे १९७० साली फ्राय आणि एडिडिन यांनी सुरेख दाखवलं. उंदराची आणि माणसाची पेशी त्यांनी एकत्र जुळवली, दोन्हींवरची प्रथिनं दोन रंगांनी चमकवली. सुरुवातीला अर्धी लाल, अर्धी हिरवी. सदतीस अंशांना चाळीस मिनिटांत रंग पुरते मिसळले, थंडीत मिसळले नाहीत. दोन वर्षांनी सिंगर आणि निकोल्सन यांनी प्रवाही मेदात तरंगणाऱ्या प्रथिनांचं जे रूप मांडलं तेच आज पुस्तकात आहे. कार-टी पेशीची प्रथिनंसुद्धा शत्रूला भिडल्यावर त्या जागी गोळा होतात, कारण पटल वाहतं. मुलांना सप्टेंबरचं पान आणि आजचं पान जुळलेलं दिसलं, तेव्हा मागच्या बाकांवरूनही प्रश्न आले.

१२ जानेवारी २०२५

प्रात्यक्षिक झालं. ऱ्हिओच्या पानाची जांभळी साल काढून मुलांनी खाडीच्या भरतीच्या पाण्यात ठेवली. सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक पेशीतला जांभळा भाग भित्तिकेपासून सुटून आक्रसला. नळाचं पाणी घातलं, पुन्हा पसरला. एका गटानं साल दुसऱ्या दिवसापर्यंत खाऱ्या पाण्यातच ठेवली. मग गोडं पाणी घालूनही काही पसरलं नाही. रंग बाहेर ओघळून पाणी फिकट जांभळं झालं. एका मुलीनं विचारलं, “मॅडम, म्हणजे पटल दमतं का?”

मी म्हटलं, पटल दमत नाही, त्याला पुरवठा होईनासा होतो. एटीपी बनायचं थांबलं की पंप थांबतात, आणि काही वेळात आतलं-बाहेरचं सारखं होतं. पेशी मेली हे ओळखण्याची प्रयोगशाळेतली साधी खूण हीच. जिवंत पेशी ट्रायपॅन ब्लू बाहेर ठेवते, मेलेली निळी होते.

त्यावर वर्गात बराच वेळ बोलणं झालं आणि मला या वर्षीचा धडा तिथे पुरा झाल्यासारखा वाटला. रात्याच्या मुळाला, चिंबोरीच्या कल्ल्याला, माणसाच्या मेंदूला, प्रत्येकाला आपली हद्द राखायचा खर्च रोज स्वतः भरावा लागतो. यातून कुणाची सुटका नाही. मग कारखान्याची तरी का असावी? त्याच्या हद्दीच्या आत जे घातक आहे ते आतच राखायला वीज लागते, पडदे लागतात, माणसं लागतात. तो खर्च कुंपणाच्या आत भरला नाही म्हणून नाहीसा होत नाही. तो कासाडीच्या पाण्यात उतरतो आणि जिताड्याच्या कल्ल्यातल्या पेशीला भरावा लागतो. तिच्याकडे त्यासाठी पाच नॅनोमीटरचा थर आणि पोटात गेलेल्या अन्नातून बनलेलं एटीपी, एवढंच भांडवल आहे.

पुढच्या जूनपासून प्रात्यक्षिकात एक भर घालणार आहे. खाडीच्या पाण्याबरोबर कासाडीचं पाणीही ठेवायचं, पुलाच्या वरच्या अंगाचं आणि खालच्या अंगाचं वेगळं, हातमोजे घालून आणलेलं. साल त्यात ठेवायची, किती पेशींतला रंग गळला ते मोजायचं, तारीख घालून वहीत लिहायचं आणि दर महिन्याला तेच पुन्हा करायचं. आकडे साठले की ते पनवेल महापालिकेच्या आणि प्रदूषण मंडळाच्या कार्यालयात मुलांनी स्वतः नेऊन द्यायचे. पेशीपटल शिकलेल्या मुलांना एवढं करता आलं पाहिजे.